गुडघाभर पाणी

आमच्या गावच्या तलावात गुडघ्यापर्यंतचं पाणी बायांचं होतं. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण गावातल्या शेंबड्या पोरानंही हे सांगितलं असतं. गुडघ्याच्या वरचं पाणी मच्छीमार सोसायटीचं. तिथे जाळी पडायची आणि तिथला मासा गोंडपिपरीच्या बाजारात जायचा. काठच्या पाण्यात मात्र बाया हातजाळी घेऊन उतरायच्या. झिंगे, खेकडे, बारीक मासोळी, गवतात अडकलेला एखादा मागूर, जे हाती लागेल ते ओच्यात टाकून घरी न्यायच्या. त्यातला वाटा कुणाला द्यावा लागत नसे. एखादा पुरुष तिथे पाय धुवायला उतरला तरी बाया ओरडायच्या, "वर व्हा बाप्पा, आमच्या सैपाकात काऊन पाय घालून राह्यले?"

गोकुळाचा सगळा जीव या गुडघाभर पाण्यात होता.

ती वैनगंगेकाठची, मार्कंड्याजवळच्या एका गावची. ढिवराची, म्हणजे मच्छीमाराची लेक, ढिवराच्याच घरी दिलेली. नवरा उमाजी एका पावसाळ्यात तापानं गेला तेव्हा मुलगा धनराज शाळेत होता. त्याच्या मागच्या-पुढच्याच वर्षी, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, तलावातला गाळ काढायचं काम निघालं. गावानं मजुरी केली, गोकुळानंही केली. गाळाबरोबर काठचं सगळं गवत मुळासकट उपटून निघालं. तलाव घासलेल्या पातेल्यासारखा लख्ख झाला. सगळ्यांना बरं वाटलं. पण पुढच्या वर्षी बाया हातजाळ्या घेऊन उतरल्या, तर जाळीत नुसता चिखल.

कोणी म्हणालं, तलावाला नजर लागली. कोणी म्हणालं, पाऊस कमी. गोकुळा म्हणाली, "मासोळीनं बाळंत व्हाचं कुठी? तिची खोली तं आपन खनून फेकली."

बाया हसल्या. ती मात्र माहेरी गेली आणि तिथल्या तलावातून ओल्या पोत्यात गुंडाळून देवधान, गाद नावाचं पाण्याखालचं गवत, कमळाचे कांदे असं काय काय घेऊन आली. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानटी भात. ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं खायचं असतं, तेव्हा आमच्याकडच्या बाया हाच भात शिजवतात.

तिची लावायची रीत साधी होती. काठच्या चिकणमातीचा लाडू वळायचा. त्याच्या पोटात रोप, कांदा नाहीतर देवधानाचे टरफलासकट दाणे. वरून तणसाची, भाताच्या पेंढ्याची, वेटोळी दोरी, म्हणजे लाडू पाण्यात फुटत नाही. मग तो पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबायचा. पहिल्या वर्षी ती एकटीच पाण्यात वाकलेली दिसायची. दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारची कमळा आली. कमळेनं घरून आणलेले दाणे कांडलेले निघाले, टरफल काढलेले. तिनं ते सगळे लाडवांत भरून लावूनही टाकले होते. कांडलेला दाणा कुठे उगवतो? ते अख्खं वर्ष बाया तिला विचारत राहिल्या, "कमळा, तुया भात शिजला का वं तलावात?" ती म्हणायची, "शिजला नं, वरण घेऊन येजो."

चार-पाच पावसाळ्यांत काठ भरला. देवधान कमरेइतकं उंच झालं, त्याखाली गाद पसरली, आणि त्या हिरव्या अंधारात मरळीची पिल्लं काळ्या ढगासारखी फिरू लागली. गोकुळा त्या भागाला बाळंतिणीची खोली म्हणायची. पोरांनी तिकडे दगड मारला तर म्हणायची, "हळू रे, आत लेकरं निजले हायेत."

त्या पाण्यावर सगळ्यात जास्त हक्क अंजनाबाईचा. ही म्हातारी एकटी होती. शेत नाही, मूल नाही, निंदणाला कुणी बोलवायचं नाही इतकी थकलेली. पण सकाळी काठी टेकत यायची, कमरेला गाडगं बांधून गुडघाभर पाण्यात बसल्यासारखी वाकायची आणि तिच्या भातापुरतं घेऊन जायची. कुणाकडे हात पसरला नाही तिनं. गोकुळानं कधी आपलं तिच्या गाडग्यात टाकलं तर रागवायची. "मले काय हात नाईत?"

पुरुषांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. गवत वाढलं तसं त्यांच्या जाळ्या अडकू लागल्या. ओढली की फाटायची. धनराज दहावी झाला, सोसायटीचा सेक्रेटरी झाला, मंजुषाशी त्याचं लग्न झालं, आणि रोज जाळ्याच्या ढिगाशी बसून त्याला ऐकावं लागायचं, "सेक्रेटरी, तुया मायच्या जंगलात अजून एक जाळं फाटलं. वनखात्याले कळव." तो हसायचा. घरी येऊन मात्र ताट अर्धं टाकून उठायचा.

सोसायटीचे अध्यक्ष मुखरूभाऊ. मोठं बोटुकली बीज, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणून तलावात सोडायचं, असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. रोहू, कतला चांगले वाढतात, बाजारात उठतात. पण तलावात काही करायचं म्हणजे बायांनी हो म्हणायला हवं. आणि बाया गोकुळाच्या तोंडाकडे पाहायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्याच्या तोंडाशी समाजमंदिरात बैठक झाली. धनराज सरकारी मत्स्यबीज-केंद्रावर जाऊन सगळं विचारून आला होता. गोकुळा पुढेच बसली होती.

"कोनतं बीज आणता?" तिनं विचारलं.

"रोहू, कतला," धनराज म्हणाला. "अन् गवत्या."

"गवत्या?" गोकुळा जरा पुढे सरकली. "हे कोनती नवीन?"

"बाहेरची हाये. मोठी होते."

"गवत्या म्हंजे गवतातली?"

धनराजच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तो खाली वाकून अंगठा बसवत होता. तसाच वाकलेला म्हणाला, "हाव."

मागून कमळा बोलली, "नावच सांगते नं वं. आपल्या मरळीची बहीण असन."

बाया हसल्या. गोकुळाही हसली. आमच्याकडे रानातला तो जंगल्या, काठावरचा तो काठ्या. गवतातली ती गवत्या, यात विचारायचं काय होतं? तिच्या गवतात राहणारी मासोळी सरकारी लोकांकडेही असते, याचंच तिला कौतुक वाटलं. "आणा," ती म्हणाली. "गवतातली असन तं मायी काई ना नाई."

बीज आलं त्या दिवशी आणखी एक झालं. नवं बीज पाण्यात सोडायचं तर पहिली टोपली सवाष्णीनं सोडायची, हळदकुंकू वाहून. एरवी दरवर्षी थोडंफार बीज यायचं, ते मुखरूभाऊंची बायको सोडायची. त्या दिवशी धनराज सगळ्यांसमोर म्हणाला, "आज माय सोडन."

गोकुळा मागे सरली. "मी? काई बोलतं का रे? मी रांडमुंड बाई."

"तलाव तुयाच हाये," तो म्हणाला. "तू नाई तं कोन?"

मुखरूभाऊंच्या बायकोनं स्वतः हळदकुंकवाची कोयरी तिच्या हातात दिली. उमाजी गेल्यापासून गोकुळानं कुंकवाला बोट लावलं नव्हतं. तिनं ते पाण्याला लावलं. टोपली कलती केली. बोटभर चंदेरी पिल्लं तिच्या पायांवरून, तिच्या देवधानातून, आत शिरली. ती कितीतरी वेळ वाकून पाहत होती. मागे वळली तेव्हा तिचं तोंड असं झालं होतं, की कमळा म्हणाली, "तुयं आताच लगन लागल्यावानी काऊन दिसून राह्यली?"

त्या वर्षी ती गावोगाव हिंडली. आजूबाजूच्या तलावांवरच्या ढिवर बाया तिला ओळखत होत्या, तिच्याकडून लाडू वळायला शिकल्या होत्या. त्यांच्याकडेही हे बीज येणार होतं आणि त्या तिलाच विचारायच्या, घ्यावं का? ती सांगायची, "घ्या. त्यात गवत्या हाये, गवतातली हाये, आपली हाये." माहेरीही जाऊन सांगून आली. आणि भादव्यात, त्या वर्षी देवधान इतकं आलं होतं, की ऋषिपंचमीला तिनं स्वतः कांडून, पाखडून घरोघर वाटलं. "बीजाले ठेव जरासं," कमळा म्हणाली. गोकुळानं तलावाकडे हात केला. "थो काय कोठार हाये नं आपलं."

पुढच्या पावसाळ्यात काठ विरळ दिसू लागला.

आधी तिला वाटलं, म्हशी. तिनं म्हशीवाल्यांशी भांडणं केली. मग वाटलं, पाणी जास्त झालं. मग वाटलं, आपल्याच हातात काही कमी झालं, लाडू नीट वळले जात नाहीत. ती जास्त वळू लागली. जिथे विरळ दिसेल तिथे लावायची. कोवळं रोप पाण्याबाहेर डोकं काढायचं आणि चार दिवसांत नाहीसं व्हायचं. ती परत लावायची. घरी येऊन मंजुषाला म्हणायची, "माया हाताची बरकत गेली वं." मंजुषाला तेव्हा दिवस गेले होते. ती सासूच्या कमरेला तेल चोळून द्यायची.

आचल जन्मली त्या हिवाळ्यात सोसायटीनं पहिल्यांदा मोठं जाळं ओढलं. धनराजनं घरी एक मासा आणला. लांब, जाड, खवल्यांचा, ताटात मावेना. मंजुषा बाळंतीण, खाटेवर आचलला घेऊन बसली होती. गोकुळा विळी घेऊन अंगणात बसली.

"मोठा हाये," ती म्हणाली. "कोनता हा?"

"गवत्या," मंजुषा म्हणाली.

"अगं बाई." गोकुळानं त्याला उलटंपालटं करून पाहिलं. पाव्हण्याकडे पाहावं तसं. मग पोट फाडलं.

आतून हिरवं निघालं. आतडी हिरव्यानं तट्ट भरली होती. तिनं बोटानं निपटलं तशा पात्या बाहेर आल्या. देवधानाच्या, अजून न जिरलेल्या, एक तर बोटभर अख्खी. एका पातीला तणसाच्या दोरीचं सूत चिकटलेलं होतं. तिनं ते ताटाच्या कडेला पुसून ठेवलं आणि बघत राहिली.

"थे गवतच खाते नं आत्या," खाटेवरून मंजुषा म्हणाली. तिच्या बोलण्यात काही नव्हतं, नुसती माहिती. "म्हनून तं आणली. आता जाळं नाई अटकत म्हने."

"कोन म्हनते?"

"हेच. त्याईनं सांगतलं होतं नं मले, आणाच्या आधी."

"आधी?"

आपण काय बोललो ते मंजुषाला आता कळलं होतं. तिनं आचलला छातीशी घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

गोकुळानं मासा धुतला. तुकडे केले. मसाला वाटला. ते हिरवं तिनं फेकलं नाही, परसात तुळशीच्या पलीकडे नेऊन मातीखाली घातलं. धनराज दुपारी जेवायला आला तेव्हा तिनं त्याला वाढलं. तो खात होता. ती समोर बसली होती.

"मीठ बरोबर हाये?" तिनं विचारलं.

"हाव."

"गवत खाऊन वाढलेली हाये. मीठ जास्त लागते वाटते."

धनराजचा हात थांबला. मग तो ताटाकडे पाहतच म्हणाला, "तुले सांगतलं असतं तं तू हाव म्हनलं नसतं."

"म्हनूनच तं इचारते रे मानूस कोनाले," गोकुळा म्हणाली.

एवढंच. बायांना तिनं हे सांगितलं, तेही असं, की "मले समजलं नाई, माया कान चुकला." मुलाचं नाव घेतलं नाही. कमळेला शंका आली होती. ती एकदा म्हणाली, "धनराजले तं मालूम असन." गोकुळा म्हणाली, "त्याले काय मालूम? थो काय मासोळी हाये?"

पण एक तिला लपवता आलं नाही. अंजनाबाई सवयीनं रोज यायची. कमरेला गाडगं बांधून गुडघाभर पाण्यात वाकायची. पाणी आता स्वच्छ होतं, तळ दिसायचा, आणि त्या तळावर म्हातारीचे स्वतःचे पाय. हातजाळी वर यायची ती पाणी गाळत. तिनं हात पसरला नाही. गोकुळा डब्यात कालवण नेऊन द्यायची, तर दाराशी डबा तसाच मिळायचा. मीठ-भात खाऊन ती दिवसेंदिवस वाळत गेली. एक दिवस अहेरीकडची भाची येऊन तिला घेऊन गेली. जाताना ती गोकुळाच्या अंगणात थांबली आणि कमरेचं गाडगं सोडून तिच्या ओट्यावर ठेवलं. "राहू दे तुयाकडे," म्हणाली. "तिकडे तलाव नाई म्हनते घराजवळ." त्याच उन्हाळ्यात ती गेल्याची खबर आली.

गाडगं गोकुळानं चुलीमागे ठेवलं. त्यात कधी काही घातलं नाही.

मग बरीच वर्षं गेली. बायांचं पाण्यात उतरणं सुटलं. लेकी-सुना तलावावर नुसत्या कपडे धुवायला जाऊ लागल्या. घरात बारीक मासोळीचं कालवण होणं थांबलं. त्याऐवजी भाताबरोबर वरण, नाहीतर मिरचीचा ठेचा. दवाखान्यातली नर्स बाळंतिणींना रक्त कमी आहे म्हणायची आणि गोळ्या द्यायची. गवत नाही म्हणून मरळ संपली, मागूर संपला. बीज दरवर्षी विकत आणावं लागायचं, आणि एका वर्षी तलाव लवकर आटला, सगळं गेलं, तेव्हा सोसायटीनं बीज आणणंच बंद केलं. मुखरूभाऊ थकले. गवत्या तलावात अंडी घालत नाही. ज्या होत्या त्या पकडल्या गेल्या, मेल्या. तलाव रिकामा झाला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात धनराज एक दिवस आईजवळ येऊन बसला. ऐन तिशीतच त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. आचल आता हातजाळी म्हणजे काय ते विचारायची, आणि त्याला दाखवायला काही नव्हतं.

"माय," तो म्हणाला. "आता गवत्या नाई राह्यली. पुन्हा लावू आपन. तू वळजो, मी दाबतो. बीज कुठून आणाचं तेवढं सांग."

गोकुळाचे डोळे अधू झाले होते, पण ती लगेच उठली. पोतं भिजवलं, टोपली काढली. मायलेक मोटारसायकलवरून निघाले. ज्या तलावांवर तिनं बायांना लाडू वळायला शिकवलं होतं तिथे एकेक करून गेले. प्रत्येक तलाव लख्ख. एकही पाती नाही. शेवटी माहेरी. तिथे तिची भावजय काठावर भांडी घासत होती. तिनं कौतुकानं सांगितलं, "पाह्य बाई, तलाव कसा साफ झाला. तुमीच तं सांगतलं होतं गवत्या सोडाले. आमच्या इथी कोनी आयकतच नव्हतं, मी म्हनलं, आमची गोकुळाबाई म्हनते."

गोकुळा म्हणाली, "हाव. मीच सांगतलं होतं."

धनराज पाण्याकडे पाहत उभा होता. परत येताना त्यानं रस्त्यात दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा रिकाम्या टोपलीची दोरी सोडून पुन्हा बांधली.

संध्याकाळी कमळा आली. तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती. तिनं ती गोकुळाच्या तळहातावर सोडली. मूठभर देवधान. देव्हाऱ्यात, देवांच्या मागे राहून गेलेलं.

"एवढंच हाये," कमळा म्हणाली. "तू वाटलं होतं त्यातलं."

गोकुळानं दाणे डोळ्यांजवळ नेले, बोटानं चोळून पाहिले. पांढरे, स्वच्छ. तिनं स्वतः कांडलेले, पाखडलेले. एकाही दाण्यावर टरफल नव्हतं.

कमळा हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "माया भात शिजला नव्हता नं वं तवा." आणि मग तिला हसता आलं नाही.

तेवढ्यात धनराज परसातून आला. आईच्या मुठीकडे पाहून त्याचं तोंड उजळलं. "भेटलं?"

गोकुळानं मूठ मिटली. "सकाळी चिकणमाती आण," ती म्हणाली. "अन् तणस."

सकाळी ती काठावर बसली. धनराजकडे पाठ करून लाडू वळले, प्रत्येकात तीन-चार दाणे, वरून तणसाची दोरी. बोटं विसरली नव्हती. कमळा जवळच बसून दोरी पिळून देत होती, आणि वर पाहत नव्हती. धनराज पँट वर करून गुडघाभर पाण्यात उभा होता. बायांच्या पाण्यात तो पहिल्यांदाच उतरला होता. एकेक लाडू घेऊन तो पायाच्या अंगठ्यानं दाबत होता, लहानपणी आईला करताना पाहिलं होतं तसंच, जपून, जसं काही आत कोणी निजलेलं आहे.

शेवटचा लाडू घ्यायला तो काठाशी आला. हात पुढे केला.

"उगवन का माय?"

गोकुळाच्या लुगड्याचा काठ ओला झाला होता. ती खाली वाकून तो पिळत होती. तसंच वाकून म्हणाली, "हाव."

तो पावसाळाभर धनराज रोज सकाळी तलावावर जायचा. काठाकाठानं वाकून पाहायचा. परत येताना दाराशी गोकुळा बसलेली असायची, आणि त्यानं काही विचारायच्या आत ती म्हणायची, "वेळ लागते बाबू. पाण्यातलं हाये थे."